दिवा-सावंतवाडी पॅसेंजर, आत्या आणि कीमन आजोबा

शनिवार

आत्याच्या दोन अटी होत्या, जायचं तर पावसात आणि जायचं तर पॅसेंजरने. मी तेजस, जनशताब्दी सगळं मोबाईलवर दाखवून झालं, एसीत बसू, पाय पसरू, तुझे गुडघे दुखतात वगैरे, पण नाही. "पळत्या गाडीतून लाइन काय दिसणार तुला," असं म्हणाली आणि विषय संपला. आत्या म्हणजे रेल्वेवाल्याची मुलगी, कर्जतच्या रेल्वे क्वार्टरमधे वाढलेली, तिच्याशी गाडीवरून वाद घालण्यात अर्थ नसतो. तर जुलैतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही दोघं दिव्याला, एका पिशवीत डबे, एका पिशवीत छत्र्या आणि खिडकी मिळाली म्हणून आत्या खूश.

आधी आजोबांबद्दल सांगतो नाहीतर पुढचं काही कळणार नाही. आजोबा मध्य रेल्वेत कीमन होते, म्हणजे रोज चालत लाइन तपासणारे. गँगमन म्हणून लागले, मग कीमन झाले आणि बरीचशी नोकरी बोरघाटात काढली, पळसदरी, जांब्रुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल हा सगळा पट्टा. गाव मात्र लांजा तालुक्यात, म्हणजे जिथे त्यांच्या अख्ख्या नोकरीत गाडी कधी आलीच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांची लाइन सांभाळायची आणि स्वतः गावी जायचं ते रात्रभर एसटीने कशेडी घाटात ओकाऱ्या काढत, नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून बोटीने. १९९० साली ५८ पूर्ण झाले आणि रिटायर झाले. आणि त्याच वर्षी जुलैत कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं, १५ सप्टेंबरला रोह्याला भूमिपूजन झालं. हे टायमिंग त्यांना शेवटपर्यंत झोंबलं असं बाबा म्हणायचे, आत्या म्हणते अजिबात नाही, त्यांना आनंदच झाला होता. या दोघा भावाबहिणींचं आजोबांबद्दल एकमत असं कधी बघितलं नाही मी.

पनवेल आलं तशी आत्याने कर्जतच्या दिशेला बोट दाखवलं, दिसत काही नव्हतं, नुसता पाऊस. मग पेण, नागोठणे, रोहा. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते, इथून खाली मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर. गाडीत बसलेल्याला फरक काही कळत नाही. आजोबांना मात्र कळायचा, ते म्हणायचे आवाजच बदलतो. आता मी काय सांगू, मला तरी दोन्हीकडे सारखाच वाटला, पण यामागे एक गोष्ट आहे.

जुने रूळ १३ मीटरचे असायचे आणि प्रत्येक जोडावर चाक खट् करायचं. घाटातल्या कुठल्याशा पीडब्ल्यूआय (लाइनची देखभाल बघणाऱ्या) साहेबाने आजोबांना शिकवलं होतं की घड्याळ लावून ४७ सेकंदं जोड मोजायचे, जितके खट् तितका गाडीचा ताशी वेग किलोमीटरमधे. हिशोब साधा आहे, १३ गुणिले ३.६ केलं की ४६.८ येतात, पण आजोबांची शाळा चौथीपर्यंत, त्यांना ती जादूच वाटायची आणि ते नातवंडांना बसवून ती जादू करून दाखवायचे. कोकण रेल्वेत रूळ वेल्ड करून सलग केलेले, खटखट जवळजवळ नाहीच. त्यामुळे गावच्या गाडीत पहिल्यांदा बसल्यावर ते अर्धा तास मांडीवर घड्याळ धरून बसले आणि मग वैतागून म्हणाले, "ही गाडी काय बोलतच नाय." मग त्यांनी किलोमीटरच्या दगडांवर काम भागवलं, दोन दगडांमधे किती सेकंदं लागली त्याने ३६०० ला भागायचं. आत्या अजून तेच करते. माणगावच्या पुढे आम्ही पन्नास सेकंदं मोजली, म्हणजे ७२, आणि समोरच्या बाकावरचा मुलगा मोबाईलमधे जीपीएस लावून म्हणतो एकाहत्तर. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की मोबाईलच चुकला असणार.

वीरपर्यंत आता डबल लाइन झालीय, २०२१ पासून. पुढे सिंगल. सिंगल म्हटलं की पॅसेंजरचं नशीब ठरलेलं, एक्सप्रेस समोरून येऊ दे नाहीतर मागून, क्रॉसिंगला आपण थांबायचं. लोक चिडतात पण मला ते थांबणं आवडलं, कारण त्यात स्टेशनं दिसतात. सापे वामने, करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी, ही नावं एक्सप्रेसवाल्याला आयुष्यात वाचता येत नाहीत. करंजाडीला गाडी थांबली तेव्हा डब्यातल्या एका काकांनी आपणहून २००४ चा विषय काढला, मत्स्यगंधा इथूनच जवळ पुलावर घसरली होती, १६ जूनला, दरड आली होती लाइनवर. मग बराच वेळ सगळा डबा दरडींवर बोलत होता. उकडलेल्या शेंगा आल्या तेव्हा कुठे विषय बदलला.

दुपारी चिपळूण. लॉज स्टेशनपासून लांब निघालं पण चालायचं. संध्याकाळी बाजारात फिरताना एका दुकानदाराने भिंतीवर २०२१ च्या पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते दाखवलं, माझ्या डोक्याच्या वर. कोंबडी वडे खाल्ले. आत्याने दोन वडे जास्त खाल्ले आणि रात्री ओव्याचं पाणी मागितलं.

रविवार

सकाळी परशुरामाला जाऊन आलो, धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता, दर्शन झालं. दुपारची तीच पॅसेंजर पुढे रत्नागिरीपर्यंत.

चिपळूण सुटलं की लगेच वाशिष्ठीचा पूल. २२ जुलै २०२१ ला पाणी इतकं वर आलं की गाड्या जागोजागी स्टेशनांवर उभ्या करून ठेवल्या होत्या. या पुलावर, सावित्रीच्या पुलावर आणि माणगाव-वीरमधल्या काळ नदीच्या पुलावर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं बसवलीत, पाणी धोक्याच्या वर गेलं की कळतं. आत्या म्हणाली दादा (ती आजोबांना दादा म्हणते) पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्ट्यांवरून बघायचे पाणी, रात्री बत्ती खाली धरून.

इथे मी शेवटी तिला तो प्रश्न विचारला ज्यासाठी मी खरं तर निघालो होतो. आजोबांनी कधी गाडी वाचवली का. म्हणजे असं असतं ना, रात्री दरड कोसळली, पॅट्रोलमन, म्हणजे लाइनवर गस्त घालणारा, लाल बत्ती घेऊन धावत सुटला, गाडी थांबली, शेकडो माणसं वाचली. आमच्या घरात अशी एखादी गोष्ट असणारच आणि मला ती नीट कुणी सांगितली नाहीय इतकंच, अशी माझी समजूत होती.

आत्याने विचार केला, खरंच केला, सावर्डे येऊन गेलं तरी बोलली नाही. मग म्हणाली, "नाही रे. एकदा पण नाही."

"एकदा पण नाही?"

"सकाळी घरी यायचे ना पॅट्रोलवरून, आई विचारायची काय झालं. काय नाय, म्हणायचे. भिजलेले कपडे काढायचे, चहा घ्यायचे. रोज हेच. काय झालं? काय नाय. एकदा गाडी थांबवली होती म्हणे, पण ते लाइनवर काळं काहीतरी दिसलं म्हणून, आणि निघालं काय तर वाऱ्याने उडून आलेली ताडपत्री. त्यावरून गँगवाले कितीतरी दिवस ताडपत्री म्हणून हाक मारायचे त्यांना."

मला आधी थोडं वाईटच वाटलं. मग उक्षीपर्यंत तेच डोक्यात फिरत राहिलं. बोरघाटात चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर, मागून बँकर इंजिनं लावून गाड्या ढकलतात, पावसाळ्यात डोंगर वरून दगड टाकतच असतो, आणि त्यात इतकी वर्षं या माणसाच्या बीटमधे, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या लाइनच्या तुकड्यात, 'काय नाय'. त्यातलं किती नशीब आणि किती रोज ठोकलेल्या चाव्या हे आता कोण सांगणार. पण मी शोधत होतो ती गोष्ट घडू नये याचाच तर पगार होता त्यांना.

चावी म्हणजे काय ते पण सांगतो. जुन्या लोखंडी स्लीपरवर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांवर) रूळ घट्ट धरायला लोखंडी चाव्या ठोकलेल्या असायच्या, गाड्यांच्या धक्क्याने त्या सैल होतात, सरकतात. कीमनने रोज सकाळी आपली बीट चालायची, खांद्यावर हातोडा आणि पाना, झेंडे, सैल चावी दिसली की ठोक, फिशप्लेटचा, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचा, बोल्ट सैल दिसला की आवळ. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. म्हणजे चालणं दुप्पट आणि नजर कायम खाली. आत्या म्हणते दादा बाजारातसुद्धा तसेच चालायचे, मान खाली आणि पावलं बारकी, स्लीपरच्या मापाची. आई, म्हणजे माझी आजी, दहा पावलं पुढे जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, इथे रूळ नाहीत, उचला पाय. पडलेली नाणी मात्र त्यांना खूप सापडायची.

उक्षीला स्टेशनच्या बाजूलाच रानपाटचा धबधबा, अख्खा डबा त्या बाजूला आला, सेल्फी वगैरे. आणि मग करबुड्याचा बोगदा. साडेसहा किलोमीटर, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. खिडक्या लावून घ्या म्हणून ओरडायची गरज आता नाही, २०२२ पासून विजेवर गाड्या आल्या, पूर्वी डिझेलचा धूर नाकात जायचा. आत्याने आत शिरताना घड्याळ बघितलं, बाहेर पडताना बघितलं. साडेसात मिनिटं. "बावन्न," ती म्हणाली. मी मोबाईलवर करून बघितलं, बावन्नच.

रत्नागिरी स्टेशनच्या आवारात श्रमशक्ती स्मारक आहे, लाइन बांधताना गेलेल्या कामगारांचं. ७४ माणसं गेली. बोगद्यांत, दरडींत, पुलांवर. ही लाइन बांधून घेणाऱ्या ई. श्रीधरन यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे आणि असायलाच हवं, सात-आठ वर्षांत हा डोंगर-दऱ्यांचा मुलूख पार करणं म्हणजे खाऊ नाही, नव्वदच्या वर बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. पण स्टेशनात उतरलेल्या शंभर माणसांतलं एक पण त्या स्मारकाकडे वळलं नाही, सगळे रिक्षाकडे. आम्ही पण भिजत होतो, फार वेळ थांबलो असं नाही. आत्याने पिशवीतली सोनचाफ्याची दोन फुलं तिथे ठेवली, जी परशुरामाला वाहायची राहून गेली होती.

पाऊस जरा उघडला म्हणून रिक्षा करून पानवल नदीचा पूल खालून बघायला गेलो. रिक्षावाला दादा फार उत्साही, त्याने वाटेत अख्खी कथा सांगितली. ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब, कित्येक वर्षं देशातला सगळ्यात उंच रेल्वे पूल हाच. आणि बांधायची पद्धत अशी की एवढ्या खोल दरीत खालून टेकू देणं शक्य नाही, म्हणून पुलाचा वरचा भाग एका टोकाला तुकड्या-तुकड्याने ओतायचा आणि जॅक लावून पुढे ढकलायचा, परत ओतायचा परत ढकलायचा, असं करत खांबांवरून समोरच्या टोकाला पोचवला. आम्ही उभे असताना वरून एक मालगाडी गेली. इतक्या वर की आवाज नंतर आला असं वाटलं. आत्या मान वर करून बघत होती आणि म्हणाली, "या खांबांना बीट देऊन ठेवलीय का रे कुणाला?" रिक्षावाल्याला प्रश्नच कळला नाही.

सोमवार

सकाळ नुसती पावसात गेली. दुपारी परत पॅसेंजर, त्याच पुलावरून आता आपण, खाली बघितलं तर कालचा रस्ता नखाएवढा. मग टिकेचा बोगदा. निवसरला गाडी हळू झाली, इथली जमीन खचायची, तिने रेल्वेला बराच घाम काढायला लावलाय. पुढे आडवली, पुढे आणखी एक लांबलचक बोगदा, मग विलवडे. उतरलो तेव्हा फलाटावर आम्ही दोघं, एक आजी, तिची कोंबडी आणि स्टेशन मास्तर. विलवड्याला पाऊस मोजायचं आपोआप नोंद करणारं यंत्र आहे, अशी माणगाव, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली वगैरे स्टेशनांवर पण आहेत, ठराविकपेक्षा जास्त पडला की पॅट्रोलिंग वाढवतात आणि जोरात कोसळायला लागला की गाड्या ४० च्या वेगाने चालवायला सांगतात. मास्तरांना आत्याने विचारलं काल किती पडला, त्यांनी आकडा सांगितला, आत्याने मान डोलावली, दोघांनाही बरं वाटलं.

घरी पोचलो तर घरात कुणी नाही. लावणी चालू, काका-काकी सगळी शेतात, जुलैत पाहुण्यांनी यायचं नसतं हे काकीने संध्याकाळी हसत हसत दोनदा सांगितलं. रात्री टाकळ्याची भाजी, तांदळाची भाकरी आणि कुर्ल्यांचं कालवण. एवढ्यासाठी मी दर जुलैत शिव्या खायला तयार आहे.

जेवताना संपाचा विषय निघाला. १९७४ चा रेल्वे संप, ८ मे ते २७ मे, जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली, देशभर लाखो कामगार. धरपकड चालू होती, क्वार्टर खाली करायला लावत होते, तेव्हा आजोबा रातोरात एसटी पकडून गावी आले आणि घरात नको म्हणून वरच्या आंब्याच्या बागेत राखणीच्या खोपटात राहिले. ऐन मे महिना. काका म्हणाले, "दुनिया संपात उपाशी, न् आमचा दादा हापूस खाऊन संपात." सर्व्हिसमधे ब्रेक लागला तो पुढे जनता सरकार आल्यावर निघाला, तेव्हा रेल्वेमंत्री राजापूरचे खासदार मधु दंडवते. त्यांनीच सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर दोन इंच फोम घातला, ते आजोबा प्रत्येक प्रवासात बाकावर थाप मारून सांगायचे, स्वतः बसवल्यासारखं. आणि जॉर्ज १९८९ च्या शेवटी रेल्वेमंत्री झाले आणि कोकण रेल्वे मार्गी लागली. "ज्या बाबानं गाड्या बंद पाडल्या त्यानंच आमच्यात गाडी आणलान," हे आजोबांचं आवडतं वाक्य, निवडणूक कुठलीही असो.

मंगळवार

आता जमिनीचं. लाइनसाठी आमचा एक वरकस तुकडा गेला, त्यावर काजूची झाडं होती. पैसे मिळाले, किती आणि कधी यावर काकांचं वेगळं मत आहे, ते राहू दे. पण आजोबांचे धाकटे भाऊ त्यानंतर त्यांच्याशी बरेच दिवस नीट बोलत नव्हते. तुझी रेल्वे आली आणि माझे काजू घेऊन गेली. आजोबांनी किती समजावलं की बाबा ती रेल्वे वेगळी, मी वेगळ्या रेल्वेचा, पण गावाला एकच रेल्वे माहीत. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण लाइन चालू झाली तेव्हा तेच धाकटे आजोबा पहिल्या आठवड्यात मुंबईला जाऊन आले आणि येताना भावासाठी पेढे घेऊन आले. भांडण तिथे मिटलं.

तो तुकडा आता कटिंग आहे. सकाळी आम्ही पुलावर गेलो, वरून रस्ता आणि खालून लाइन. दोन्ही बाजूला कापलेला डोंगर, वर जांभा, काळपट लाल, भोकाभोकांचा, आणि त्याच्याखाली पांढरट-गुलाबी शेडी माती. काकांनी पुलाच्या कडेला उघडी पडलेली शेडी छत्रीच्या टोकाने उकरून दाखवली, साबणासारखी सुटते हातात. जांभ्यातून पाणी आत मुरतं, खाली शेडी पाणी पिऊन बसते, मग एक दिवस सगळंच खाली येतं. कोकण रेल्वेच्या कटिंगांचं हेच दुखणं. म्हणून उतार जास्त सपाट केले, जाळ्या मारल्या, वरून गटारं काढली, आणि हे बरंचसं २००३ नंतर. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रात्री हॉलिडे स्पेशल दरडीवर आदळली, पन्नासच्या वर माणसं गेली.

त्या बातमीनंतर आजोबांचं काय झालं ते काकांनी इथे पुलावर सांगितलं, आत्याला पण माहीत नव्हतं. तेव्हा सत्तरी ओलांडलेली. पेपर वाचला, पेपर घडी करून ठेवला, आणि त्या रात्री जेवून छत्री-बॅटरी घेऊन निघाले. कुठे तर या पुलावर. रात्रीची गाडी जाईपर्यंत उभे. दुसऱ्या रात्री परत. घरचे ओरडले, पाय घसरेल, साप आहेत, वर तुम्हाला कुणी ठेवलंय का कामाला. ते म्हणायचे मी लाइनवर कुठं जातोय, पुलावर तर हाय. पाऊस संपेपर्यंत चाललं हे. सकाळी काकी विचारायची काय बघितलंत, आणि उत्तर अर्थात तेच.

काकांनी हे सांगितलं आणि आत्या एकदम उठून कठड्याकडे गेली. खालून एक ट्रॅकमन येत होता, पिवळा रेनकोट, खांद्याला पिशवी, हातात हातोडा. पंचविशीतला असेल. आत्या वरून ओरडली, "ओ बाळा, कीमन ना तू?" तो दचकलाच. मग फाटकाजवळ, तारेच्या अलीकडे आम्ही पलीकडे तो, दहा मिनिटं थांबला बिचारा. आणि आत्याने त्याची चक्क इन्स्पेक्शन घेतली.

"डेटोनेटर किती आहेत? तारीख बघितलीस का त्यांच्यावरची?"

"आहेत आजी, नवीन आहेत."

"कसे लावतोस सांग."

आता हा मुलगा आयटीआय झालेला, त्याला हे सगळं पाठ, पण पावसात एक अनोळखी आजी तोंडी परीक्षा घेतेय म्हटल्यावर तो पण हसायला लागला. सांगितलं त्याने. अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक, मग पळत १२०० मीटरवर आणि तिथे तीन, दहा-दहा मीटर अंतर सोडून. चपटी डबी असते, रुळावर ठेवून तिच्या पट्ट्या खाली दुमडायच्या, इंजिनाचं चाक गेलं की फाडकन वाजते, ड्रायव्हर गाडी उभी करतो. आत्या पुटपुटत होती त्याच्याबरोबर, सहाशे, बाराशे, दहा-दहा. लहानपणी क्वार्टरच्या ओट्यावर दादांनी हेच दगड मांडून शिकवलं होतं तिला, मुलींना याचा काय उपयोग असं आजी म्हणत असताना.

बाकी पोराकडे एलईडी टॉर्च, वॉकीटॉकी, आणि लाइनच्या कडेने साधारण किलोमीटर-किलोमीटरवर फोन जोडायचे सॉकेट आहेत, पॅट्रोलमन तिथून थेट स्टेशनशी बोलू शकतो. आजोबांच्या वेळी काही झालं तर धावायचं, एवढीच सोय. हातोडा मात्र आहे, पण चावीसाठी नाही, इथे पहिल्यापासून काँक्रीटचे स्लीपर, त्यावर स्प्रिंगसारखी वळवलेली लोखंडी क्लिप असते, ती सरकली की ठोकून परत आत बसवायची. त्याने एक ठोकून दाखवली. टणक, छोटा आवाज. आत्या म्हणाली हा आवाज वेगळा आहे, दादांचा जड यायचा.

तिने त्याला आजोबांबद्दल सांगितलं, पुलावरच्या रात्रींबद्दल पण. त्याने ऐकून घेतलं, हो का आजी, बरं आजी. तो २००३ ला चालायला शिकत असेल, त्याला काय. मग म्हणाला बीट पूर्ण करायचीय, समोरून गाडी यायची आहे, आणि निघाला. मान खाली घालून. आत्याने मला कोपराने ढोसलं, "बघ, एकच रूळ बघतोय. येताना दुसरा बघेल."

आम्ही घरी जाऊन घावणे खाल्ले. दुपारी मला शेतात उतरवलं, अर्ध्या तासात कंबर गेली, त्याचं वर्णन करत नाही.

बुधवार

परतीला आत्याने एक्सप्रेस चालेल म्हणून परवानगी दिली, कारण गुडघे. रत्नागिरीपर्यंत काकांनी गाडी करून सोडलं आणि तिथून मांडवी. मांडवीत माणूस प्रवास करतो की खातो हे ठरवणं अवघड आहे, एक पोरगा ट्रे घेऊन गेला की दुसरा हजर. खेडपर्यंत आत्या झोपली. वीरच्या पुढे डबल लाइन लागली तशी गाडी मस्त पळाली.

कोलाडला मात्र तिला मुद्दाम उठवलं, रो-रो दाखवायला. ट्रक भरलेल्या मालासकट सपाट वॅगनवर चढवतात आणि गोव्यात वेर्ण्याला नेऊन सोडतात, २६ जानेवारी १९९९ पासून चालू आहे. त्याच वर्षी आत्याच्या मोठ्या मुलीचं लग्न होतं आणि आजोबा गावाहून गाडीने येत होते. कोलाडला त्यांनी बघितलं, वॅगनवर ट्रक, ट्रकच्या केबिनमधे ड्रायव्हर, पाय खिडकीतून बाहेर काढून ढाराढूर. लग्नात आले ते हेच सांगत आले. व्याह्यांना सांगितलं, केटररला सांगितलं, भटजी मंगलाष्टकांची वही शोधत होते तेवढ्यात त्यांना पण सांगितलं, "ड्रायवर झोपलाय न् ट्रक चाललाय, मी म्हटला आता कीमनला पण घाला वॅगनवर." आमच्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओत अंतरपाटाच्या मागे हसताना दिसतात ते भटजी, ते यामुळे.

या वेळी पण साइडिंगला वॅगन उभ्या होत्या, वर आठ-दहा ट्रक, ताडपत्र्या बांधलेले. आत्याने खिडकीला नाक लावून बघितलं आणि लगेच मुलीला फोन लावला. "हो गं, कोलाडला. हो, झोपलाय एक जण. पाय? नाही गं, पाय आत आहेत, पाऊस आहे ना."